वांद्रे : गावाचे शहर झाले, क्रूस जागच्या जागी राहिले

दरवर्षी ८ सप्टेंबर रोजी पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा होतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीची यात्रा भरते. वसईच्या गावागावांतून हजारो भाविक या यात्रेला जातात. नवस फेडतात, मेणबत्त्या वाहतात, ओळीत उभे राहून माउलीचे दर्शन घेतात, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परततात. स्टेशनपासून डोंगरापर्यंतच्या वाटेवर दुकाने, इमारती आणि वाहनांची गर्दी एवढेच नजरेस पडते. आपण एका गावातून चाललो आहोत हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तरीही ते गाव तेथे आहे. हिल रोडपासून थोडे आत वळले की रानवार लागते. संत आंद्रियाच्या ख्रिस्तमंदिरामागे समुद्राकडे उतरले की चिंबई लागते. शेर्ली, राजन, वारोडा, कांतवाडी, पाली, चुईम ही जुन्या पाखाड्यांची नावे आहेत. कौलारू छपराची, लाकडी जिन्याची आणि पुढे ओटी असलेली काही घरे अजून उभी आहेत. ती घरे जेथे नाहीत तेथेही वळणावर, भिंतीच्या कोनाड्यात अथवा दोन इमारतींच्या मधोमध एखादा दगडी क्रूस उभा दिसतो. गाव कोठवर होते आणि कोणत्या वाटेने लोक ये-जा करीत होते, हे आज तो क्रूसच सांगतो.

हे गाव शहरात कसे विरघळले, आणि त्यातले जे उरले ते कशामुळे उरले, याचा विचार आपल्यासाठी केवळ कुतूहलाचा विषय नाही. आज वसईतील गावे त्याच वाटेवर आहेत.

बंदराचे गाव

वांद्रे हे साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाचे गाव. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश. माहीमची खाडी ओलांडली की मुंबई बेट सुरू होई. खाडीच्या तोंडावरील बंदर म्हणून या गावाला 'वांद्रे' हे नाव पडले असावे, असे सामान्यतः मानले जाते. पोर्तुगीजांनी त्याला 'बांदोरा' म्हटले. गावात आगरी, कोळी, भंडारी, कुणबी असे कष्टकरी लोक राहत. सखल भागात भातशेती होती, किनाऱ्यावर मासेमारी होती आणि खारजमिनीत मीठ पिकत होते. शेजारच्या 'खार' या नावात त्या खारजमिनीची आठवण अजून शिल्लक आहे.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टीही होती. म्हणजे वसई आणि वांद्रे यांचा ख्रिस्ती इतिहास एकाच तहापासून सुरू होतो. वांद्र्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी धर्मकार्य केले. त्यांनी १५७५ मध्ये संत आंद्रियाचे ख्रिस्तमंदिर उभारले. 'साष्टीचे प्रेषित' म्हणून ओळखले जाणारे फादर मॅन्युअल गोम्स यांचे नाव याच भूमीशी जोडलेले आहे. पुढे सतराव्या शतकात संत अॅनच्या नावाने येशूसंघीयांचे विद्यालयही येथे उभे राहिले. १६४० मध्ये समुद्राकडे नजर ठेवण्यासाठी टोकावर किल्ला बांधण्यात आला. तेथील गोड्या पाण्याचा झरा जहाजांना उपयोगी पडे, म्हणून त्याचे नाव 'आग्वाद' पडले.

धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमरांइश यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण येथल्याच मराठी बोलीत रचले. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. लिपी रोमन असली तरी शब्द आपल्याच घरातले होते. उपवासकाळात ते पुराण घराघरांतून गायले जात असे.

तलवारीने जे गेले नाही

गावाने पुढे अनेक संकटे पाहिली. परंपरा अशी सांगते की, १७०० च्या सुमारास समुद्रमार्गे आलेल्या अरबी लुटारूंनी डोंगरावरील माउलीच्या मूर्तीचा हात सोन्याच्या लोभाने तोडला. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. त्या धामधुमीत डोंगरावरील ख्रिस्तमंदिर आणि संत अॅनचे विद्यालय नाहीसे झाले. संत आंद्रियाचे ख्रिस्तमंदिर मात्र टिकले. पोर्तुगीज राजवट गेली, पण गावचे ख्रिस्ती लोक गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी आपली शेती, आपली होडी आणि आपली प्रार्थना चालू ठेवली. १७६१ च्या सुमारास, मराठ्यांच्या अमलातच, डोंगरावर माउलीचे मंदिर पुन्हा उभे राहिले.

कोळी बांधवांची माउलीवरील श्रद्धा या काळापासून अधिकच दृढ झालेली दिसते. माउलीची मूर्ती समुद्रात सापडेल असे स्वप्न एका कोळ्याला पडले आणि ती तशी सापडली, ही कथा आजही सांगितली जाते. 'मोतमाउली' या नावातील 'मोत' म्हणजे मोती असे कोणी म्हणतात, तर तो 'डोंगर' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश आहे असे कोणी मानतात. हे नाव मराठमोळ्या माणसाच्या जिभेवर घडले एवढे निश्चित. आजचे महामंदिर १९०२ ते १९०४ या काळात बांधण्यात आले. त्याचे वास्तुरचनाकार शापूरजी चांदाभॉय हे होते. १९५४ मध्ये पोप महोदयांनी त्याला 'लघु महामंदिर' हा दर्जा दिला.

नष्ट झालेल्या संत अॅनच्या विद्यालयाची एक खूण आजही पाहता येते. संत आंद्रियाच्या आवारात एकाच पाषाणातून कोरलेला उंच क्रूस आहे. प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे त्याच्यावर कोरलेली आहेत. हा क्रूस मूळचा त्या विद्यालयातला. विद्यालय गेले, पण त्याचा क्रूस कोणीतरी हलवून सुरक्षित जागी आणला, म्हणूनच आज आपण विद्यालयाविषयी बोलू शकतो.

खाडीवर रस्ता, रस्त्यावर शहर

तलवारीला जे साधले नाही ते रस्त्याने साधले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वांद्र्याहून मुंबईला जायचे तर माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात हा प्रवास जिवावरचा होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये खाडीवरचा रस्ता खुला झाला. त्या दानामागे एक अट होती : या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडून पथकर घेतला जाऊ नये. एका पारशी भगिनीचे हे औदार्य वांद्रेकरांनी कृतज्ञतेने स्मरावे असेच आहे.

त्यानंतर आगगाडी आली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोज एक गाडी धावू लागली. वसई आणि वांद्रे ही दोन्ही तिची स्थानके होती. खाडी ओलांडणे आता काही मिनिटांचे काम झाले. शहरातील श्रीमंत पारशी, युरोपीय आणि अन्य कुटुंबांनी पालीच्या डोंगरावर आणि समुद्रकाठी बंगले बांधले. १८६३ मध्ये येशूसंघीयांनी सुरू केलेल्या अनाथालयातून पुढे संत स्तानिस्लाव विद्यालय नावारूपास आले. १८७६ मध्ये वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. गावचे तरुण इंग्रजी शिकले आणि रेल्वेत, गोदीत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागले.

याच काळात गावकऱ्यांनी स्वतःला नवे नाव घेतले. रेल्वेच्या आणि गोदीच्या कामासाठी गोवा व अन्य भागांतून ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले होते. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे येथील मूळ रहिवासी आहोत हे दर्शविण्यासाठी २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाले. मुंबई-ठाण्यातील मूळच्या मराठीभाषी ख्रिस्ती समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. शिक्षण आणि नोकरी यांनी समाजाची उन्नती झाली हे खरे. पण घरातल्या मराठी बोलीची जागा हळूहळू इंग्रजीने घेतली, हेही तितकेच खरे.

प्लेगचे क्रूस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. ती प्लेगचीच आहे हे प्रथम ओळखणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस हे गोव्याचे ख्रिस्ती सुपुत्र होते. साथ पाहता पाहता शहरभर आणि उपनगरांत पसरली. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे, कुटुंबांची ताटातूट यांमुळे लोक भयभीत झाले. शहर सोडून माणसे बाहेर पळाली, आणि त्यांच्यामागोमाग रोगही गावात आला.

तेव्हा पाखाडीपाखाडीतून क्रूस उभारले गेले. वेशीवर, विहिरीजवळ, वाट वळते त्या कोपऱ्यावर. ख्रिस्तमंदिरात एकत्र जमणे धोक्याचे वाटत असताना शेजारचे चारदोन घरांचे लोक क्रूसाजवळ जमत, जपमाळ करीत, लितानी गात. वांद्रे, माझगाव, माहीम, गिरगाव येथील अनेक क्रूस या साथीच्या काळातील आहेत. काही त्याहून जुने आहेत. अनेकांच्या चौथऱ्यावर वर्ष कोरलेले आढळते, आणि काहींवर उभारणाऱ्या कुटुंबाचे नावही असते.

हे क्रूस कोणा राजाने वा संस्थेने उभारले नाहीत. ते शेजाऱ्यांनी वर्गणी काढून उभारले. त्यामुळे प्रत्येक क्रूसाला आपली पाखाडी असते आणि प्रत्येक पाखाडीला आपला क्रूस. आजही मे महिन्यात अनेक ठिकाणी क्रूस रंगवून, फुलांनी सजवून त्याच्यासमोर लितानी गातात. त्यानंतर जमलेल्यांना उकडलेले चणे वाटतात. कोण आले, कोण आले नाही, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी नवे बाळ आले हे त्या वेळी समजते. वर्षातून एकदा का होईना, तेवढा वेळ पाखाडी पुन्हा गाव होते.

गावठाण : नकाशावरील बेट

विसाव्या शतकात शेती संपली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्थेने वांद्र्यात योजनाबद्ध वसाहत उभारली. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते, आणि मध्यमवर्गीय ख्रिस्ती कुटुंबांना तिने हक्काचे घर दिले. १९२४ मध्ये खार स्थानक सुरू झाले आणि तेथील जमिनींवरही नवे उपनगर वसले. १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबई महापालिकेत सामील झाले आणि त्याची स्वतंत्र नगरपालिका इतिहासजमा झाली. त्यानंतरच्या दशकांत बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. ज्या खाडीमुळे वांद्रे वेगळे गाव होते, ती आता प्रवाशाला जाणवतही नाही.

या साऱ्या बदलात पाखाड्या वाचल्या त्या 'गावठाण' या एका शब्दामुळे. महसूल दप्तरात शेतजमीन वेगळी आणि लोकवस्तीची जागा वेगळी. या वस्तीच्या जागेस गावठाण म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. शेते विकली गेली आणि त्यांवर रस्ते व इमारती आल्या, तरी गावठाणातील लहान लहान, एकमेकांस चिकटलेले तुकडे, अनेक वारसांच्या नावावर असलेली घरे आणि बैलगाडीपुरत्या गल्ल्या यांमुळे तेथे मोठे बांधकाम सहजासहजी होऊ शकले नाही. शहराच्या समुद्रात गावठाण बेटासारखे उरले.

पण हे संरक्षण कायमचे नाही. वारस परदेशी स्थायिक होतात, वाटण्या होत नाहीत, जुने घर दुरुस्तीअभावी खचते आणि अखेरीस विकले जाते. एक घर विकले गेले की शेजारच्या दोघांचा धीर सुटतो. येथे कोणी आक्रमक नसतो. आपणच सही करतो.

कागद मागितला गेला तेव्हा

सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्देश दिले. त्यानंतर महाराष्ट्रात अशा वास्तूंची छाननी सुरू झाली. कायद्याचा उद्देश योग्यच आहे. रस्ता अडविणारे कोणतेही बांधकाम, मग ते कोणत्याही धर्माचे असो, समर्थनीय ठरत नाही. परंतु या छाननीत जुने क्रूसही सापडले. क्रूस आधी होता आणि रस्ता मागाहून रुंद झाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता क्रूसाच्या राखणदारांवर आली.

एप्रिल २०१७ च्या अखेरीस वांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस पाडण्यात आला. तो शंभर वर्षांहून अधिक जुना असून खाजगी जागेत आहे, असे स्थानिकांचे म्हणणे होते. भाविकांनी त्या जागी जमून प्रार्थना केली आणि शांततेने निषेध नोंदविला. त्या घटनेने अनेक धर्मग्रामांना एक धडा दिला. आजवर सर्वांना ठाऊक आहे म्हणून जे कोणी लिहून ठेवले नव्हते, ते लिहून ठेवण्याची वेळ आली होती. कित्येक ठिकाणी क्रूसाचे जुने छायाचित्रसुद्धा नव्हते. आजीच्या आठवणीला न्यायालयात पुरावा म्हणून उभे करणे कठीण असते.

वसईने काय घ्यावे?

हा इतिहास वांद्र्याचा असला तरी प्रश्न आपला आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला, तेव्हा येथील बहुतेक धर्मग्राम खऱ्या अर्थाने गावेच होती. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावे तिच्यातून वगळावीत यासाठी मोठे आंदोलन झाले हे आपल्या स्मरणात आहे. हरित वसईसाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी उभारलेला लढाही आपण पाहिला आहे. वाडीतल्या केळीच्या बागा, बावखले, पानवेली यांच्या जागी इमारती येत आहेत. वांद्र्यात जे शंभर वर्षांत घडले ते येथे तीस-चाळीस वर्षांत घडते आहे.

शहर येणारच नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याने शिक्षण, उपचार आणि रोजगार आणला आहे. दूरच्या प्रांतांतून आलेली, आपल्यासारखीच कष्ट करणारी माणसे आता आपले शेजारी आहेत. ख्रिस्ती माणसाला परक्याशी वैर करता येत नाही. प्रश्न एवढाच की, शहर आल्यावर आपण त्यात कोण म्हणून राहणार? वांद्र्याचा अनुभव सांगतो की, दोनच गोष्टींनी गावाची खूण राखली : नोंद आणि वापर. ज्याची नोंद होती ते सिद्ध करता आले. जे वापरात होते ते कोणी विसरले नाही.

नोंदीचे काम धर्मग्राम सहज करू शकतो. धर्मनियम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाने नोंदवह्या ठेवाव्यात आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात असे बंधन आहे. धर्मनियम ८७७ नुसार स्नानसंस्काराच्या नोंदीत आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारा धर्मगुरू, स्थळ आणि दिनांक लिहावा लागतो. म्हणजे कोणते कुटुंब किती पिढ्यांपासून येथे आहे, याचा लेखी आधार अनेकदा आपल्याच कपाटात असतो. त्याला वाळवी आणि ओल यांपासून वाचविणे हीसुद्धा धर्मसेवाच आहे. याच्या जोडीला प्रत्येक विभागातील युवकांनी आपल्या क्रूसांची यादी करावी. क्रूसाचे छायाचित्र, त्यावर कोरलेले वर्ष, जागा कोणाच्या नावावर आहे, सातबारा अथवा मिळकत पत्रिकेचा उतारा आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत, एवढे एका वहीत लिहिले तरी पुष्कळ झाले. त्या वहीची एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी.

वापराचे काम घराघरांतून व्हायला हवे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' म्हणजे नव्या पिकाचा सण साजरा होतो. वांद्र्यात आज एकही भातखाचर नाही. वेदीपुढे ठेवायच्या लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरीही सण चालू आहे, आणि मुलांना तांदूळ दुकानात उगवत नाही एवढे तरी समजते. लग्नाआधीचे उंबराचे पाणी, मे महिन्यातील क्रूसापुढची लितानी आणि घरात बोलली जाणारी आपली बोली यांना सरकारी परवानगी लागत नाही. ती आपण सोडली तर मात्र कोणताही कायदा त्यांना परत आणू शकणार नाही.

यहोशवाच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर देवाच्या आज्ञेने नदीच्या पात्रातील बारा धोंडे उचलून आणले आणि मुक्कामाच्या जागी उभे केले. पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा वडिलांनी त्यांना देवाने केलेल्या उपकारांची हकिकत सांगावी, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे दगड एकटे पुरेसे नव्हते. विचारणारे मूल हवे होते आणि सांगणारा बापही हवा होता.

यंदा मोतमाउलीच्या यात्रेला जाल तेव्हा परतीच्या वाटेवर घटकाभर रानवारच्या गल्लीत वळा. तेथील क्रूसासमोर एक 'नमो मरिये' म्हणा आणि बरोबरच्या मुलांना तो कोणी, कधी आणि कशासाठी उभारला ते सांगा. मग घरी आल्यावर आपल्या आळीच्या क्रूसापाशी त्यांना घेऊन जा. त्यांनी तेथे तोच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर आपल्यापाशी असावे.